नाण्यावरची फुगडी

हे नवऱ्याला सांगितलं नाही, आणि आता तो नाही. पोराला सांगितलं नाही. आईनं एकदा भाकरी थापता थापता हात थांबवून माझ्याकडं बघितलं होतं, तिला काहीतरी विचारायचं होतं — मी उठून पाण्याला गेले. म्हणजे ऐकणारे तुम्हीच पहिले. तुम्हालाच का, असं विचाराल. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसापुढं ही गोष्ट घशाच्या वर येत नाही, करून बघितलंय मी.

पण आधी नाण्याचं सांगते. नाण्याचं सांगायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू?

आमच्या शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळानं लोकनृत्यांची चांदीची नाणी काढली. लेझीम, गोंधळ, वाघ्या-मुरळी, धनगरी गजा आणि फुगडी. मखमलीच्या डबीत एकेक नाणं, एका बाजूला नाच, दुसऱ्या बाजूला मंडळाची समई. नाणं म्हणायचं आपलं. बाजारात चालत नाही. भाजीवाल्याला दिलं तर उलटसुलट करून परत देईल, वर कोथिंबिरीची काडीसुद्धा घालणार नाही. पण लोकांनी हौसेनं घेतली, देव्हाऱ्यात ठेवली, लेकीबाळींना ओटीत घातली. आणि फुगडीच्या नाण्यावर दोन पोरी आहेत — एकीची पाठ दिसते, वेणी उडालेली. दुसरीचं तोंड दिसतं. तांदळाच्या दाण्याएवढं तोंड. ते माझं.

बजाजनगरात मी निम्मं आयुष्य काढलं. नवरा वाळूजच्या कंपनीत होता, मी घरी. पस्तीस-चाळीस घरांच्या आमच्या गल्लीत मला कोणी नावानं ओळखत नव्हतं; 'कोपऱ्यावरच्या काकू' एवढंच. नाणं आलं आणि शेजारणी दारात. काकू, तुम्ही तर चांदीच्या झालात की! काकू, आता तुमच्या पाया पडायचं का तुम्हाला देव्हाऱ्यात ठेवायचं? मी चहा टाकत होते आणि नको-नको म्हणत होते, आणि आतून अशी फुलले होते म्हणून सांगू. पोराचा बंगळुरूहून व्हिडिओ कॉल आला, मम्मी तू तर फेमस झालीस, म्हणाला. नाणं कॅमेऱ्यापुढं धरलं तर म्हणाला, थोडं लांब धर, नीट दिसत नाही. मी लांब धरेपर्यंत त्याची मीटिंग सुरू झाली.

मग कप विसळले, टीव्ही लावला, आणि नाणं हातात घेऊन बसले. बायका घरात होत्या तोवर मी त्या तोंडाकडं बघत होते. एकटी पडले तसे मला फक्त हात दिसायला लागले.

हातांचं सांगायला हवं. ते नाण्यावर मोठे आहेत, तोंडापेक्षा कितीतरी मोठे. असं का, तर जुन्या फोटोत ते नीट आलेच नव्हते.

फोटो माझ्या बाहेरच्या खोलीत होता, लग्नाच्या फोटोशेजारी. शाळेत असताना इथं शहरात स्पर्धेला आलो होतो, तेव्हा काढलेला. मंडळाच्या एक बाई हळदीकुंकवाला आल्या, त्यांनी बघितला, आणि मग नाण्याचं चित्र काढणारा माणूसच त्यांनी घरी पाठवला. तिशीचा असेल, सभ्य, चप्पल बाहेर काढून आला. म्हणाला, काकू, चेहरा झकास आलाय, पण तुम्ही गरागरा फिरत होत्या ना, हात सगळे पुसट झालेत. पकड कशी असते ते कळत नाही. दाखवता का?

मी हात पुढं केले. त्यानं धरले. तिढा घालायचा, म्हटलं, उजवा वर. मग मी त्याची बोटं माझ्या बोटांत बसवली — चार बोटं आकड्यासारखी वाकवायची, अंगठ्यानं समोरचीच्या अंगठ्याचं मूळ दाबायचं, आणि करंगळी करंगळीत अडकवायची. सगळ्याजणी फुगडी अशी धरत नाहीत. ही पकड वेगळी आहे. तो बिचारा वाकून बघत होता, कागदावर रेघा मारत होता, परत हात धरत होता. आणि माझ्या मनात काय आलं असेल? की माझा हात कुणी धरून किती काळ झाला. हे लिहायला लाज वाटते, पण आलं.

त्यानं विचारलं, एवढ्या जोरात फिरता, हात सुटत नाहीत का हो?

मी म्हणाले, सोडल्याशिवाय नाही सुटत.

तो हसला. त्याला काय कळणार? मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. इतकी वर्षं दात आवळून धरलेली गोष्ट मी त्या परक्या पोराला सांगून बसले होते, आणि त्याला ती नुसती फुगडीची माहिती वाटली.

ती पकड नूरीची.

नूरजहाँ तिचं नाव, गावभर नूरी. आम्ही सोयगावच्या. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तिच्या बापाचं बांगड्यांचं दुकान. मनियार लोक ते, पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या भरणारे. नूरीला हात कळायचे. कुठल्याही बाईचा हात एकदा दाबून बघितला की सांगायची, हिला अमुक माप लागेल, हिचं हाड कडक आहे, हिला आधी साबण लावा. बांगडी भरायची म्हणजे जोर नसतो लागत, म्हणायची, समोरचीचा हात आपल्या हातात विसावला पाहिजे. तो भ्यालेला असला की बांगडी फुटते. पंचमीला ती आमच्यात, ईदला मी त्यांच्यात. त्यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. तिच्या बापाकडं बांगड्या भरल्याशिवाय गावातल्या एका बाईची पंचमी व्हायची नाही.

आणि आमची फुगडी! नंदी-नूरीची फुगडी म्हणून बायका कामं टाकून बघायला यायच्या. मी बुटकी, ती उंच. बघायला विजोड. पण चवडे भिडवून अंग मागं टाकलं की आम्ही कुठल्या कुठं जायचो. घरं, झाडं, माणसं सगळ्यांची एक रेघ व्हायची, आणि मध्ये फक्त नूरीचं तोंड स्थिर दिसायचं. सगळ्या जगात तेवढंच एक जागेवर. त्याहून जास्त सुख मला पुढं कशानं झालं म्हणाल तर — नाही सांगता येत. झालं नाही बहुतेक.

मी अजून मुद्द्यावर येत नाही, बघताय ना? असंच होतं माझं.

शाळेतल्या खेळाच्या बाईंनी स्पर्धेसाठी पथक बसवलं. पोरींचा फेर, आणि मध्ये एक जोडी फुगडीची. मी धरूनच चालले होते की मधली जोडी आमची. बाईंनी सगळ्यांना उभं केलं, बघितलं, आणि म्हणाल्या, मध्ये नूरजहाँ आणि विजया. उंची सारखी आहे, दिसायला बरं दिसेल. नंदा, तू फेरात टाळ्या वाजव.

बाईंचं काही चुकलं नव्हतं. विजया पाटलांची पोरगी, तीही गरीब गाय, तिचंही काही नव्हतं. मला डाचलं ते दुसरंच. नूरी काही बोलली नाही. ती म्हणू शकली असती ना, की बाई, मी नंदीशिवाय नाही खेळत? मी म्हटलं असतं — असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. ती उलट हसली. घरी येताना रस्ताभर शहराच्याच गोष्टी. तिथं घड्याळाचा मनोरा आहे म्हणं, तिथल्या बांगड्यांच्या बाजारात काचेची दुकानंच्या दुकानं आहेत म्हणं, तुला लाल आणू का जांभळ्या? तिला वाटत होतं मी पण खूश आहे. मी म्हटलं, जांभळ्या आण.

मला ती कायमची गेल्यासारखं वाटलं. आता हसू येतं. तेव्हा रात्री गोधडी तोंडात कोंबून रडले होते.

त्यानंतर पंचमी आली.

पंचमीच्या दिवशी दुपारपर्यंत नूरी बापाच्या हाताखाली बांगड्या भरत होती. गर्दी लई होती. आम्ही पोरी गावाबाहेरच्या लिंबाखाली जमलो, झोके झाले, फेर झाला, नूरीचा पत्ता नाही. उन्हं कलली तेव्हा धावत आली. बायका ओरडल्या, आली गं आली, आता होऊ द्या नंदी-नूरीची! मी हात पुढं केले. तर ती म्हणाली, थांब, हाताला साबण आहे. हापशावर जाऊन तिनं हात धुतले. ओढणीला पुसले. मग माझ्यापुढं धरले, नेहमीसारखे उताणे.

फुगडीला आम्ही पोरी चुलीतली राख पदराच्या गाठीत बांधून न्यायचो. घामानं हात घसरू नये म्हणून तळव्यांना लावायची. ती मी लावली. माझ्या हातानं तिच्या तळव्यांना, बोटांच्या बेचक्यांतून, करंगळीपर्यंत. बारीक राख, कोरडीठाक. हे लक्षात ठेवा, मी पुढं परत सांगणार नाही — नाही, सांगेन. मला ते सारखं सांगावं लागतं.

आम्ही हात धरले. तिची ती पकड, करंगळीत करंगळी. फिरायला लागलो. बायका तोंडानं फू-फू करत होत्या, टाळ्या वाढत होत्या, लिंब आणि माणसं एक रेघ झाली, आणि मध्ये नूरीचं तोंड. ती हसत होती. ते हसणं शहराला गेल्यावर विजयापुढं असंच असणार, असं माझ्या मनात आलं.

मग मी गुडघे वाकवले.

हे कुणालाच दिसलं नाही. फिरत्या फुगडीत कुणाला काय दिसतं? पण फुगडी खेळणाऱ्या बाईला विचारा, ती सांगेल, गुडघे कधी वाकवतात. थांबायचं असतं तेव्हा. आपलं अंग आपल्या पायावर घ्यायचं असतं तेव्हा. दोघी थांबणार असतील तर आधी डोळ्यांनी सांगतात. मी नाही सांगितलं. मी माझं अंग माझ्या पायावर घेतलं, म्हणजे मी पडणार नाही. आणि बोटं उघडली.

रागाच्या भरात झालं असं म्हणायची मला सोय नाही. आधी गुडघे, मग करंगळी सोडवली, मग बोटं. एकेक करून केलं. ती पडणार हे मला ठाऊक होतं, आणि ती पडायलाच मला पाहिजे होती.

मी दोन पावलं हेलपाटले आणि उभी राहिले. नूरी पाठीमागं लिंबाच्या पारावर गेली. पडताना तिनं डावा हात मागं टेकला. आवाज आला. टाळ्या चालू होत्या तरी तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

बायका धावल्या. मी जागेवरच. आणि तिथं, पाराला टेकून, मनगट पोटाशी धरून, पांढरंफटक तोंड झालेलं — नूरी काय म्हणाली असेल? म्हणाली, "माझ्याच हाताला साबण राहिलं असंल गं. नंदे, तुला लागलं का?"

मी म्हणाले, नाही.

तेवढंच बोलले. तिनं माझी सुटका करून हातात दिली आणि मी ती घेतली. घरात आईनं विचारायच्या आत मीच सांगितलं, नूरीचा हात ओला होता. तिच्या बापानं तिला उपचाराला न्यायच्या आधी, माझ्यादेखत, पोरगी तशी दुखण्यानं कळवळत असताना झापलं — कितीदा सांगितलं, साबणाच्या हातानं खेळायला जाऊ नको. ती मान खाली घालून व्हय-व्हय म्हणत होती. मी दारात उभी होते. माझ्या पदराच्या गाठीत राहिलेली राख होती. घरी जाऊन मी ती मोरीत झटकली.

गावातल्या हाड बसवणाऱ्यानं कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. मनगट एका बाजूला कललं ते कललंच.

मधल्या जोडीत मग मी गेले. दुसऱ्या कुणाला येत होती तशी फुगडी? विजयाबरोबर शहरात खेळले, टाळ्या मिळाल्या, फोटोवाल्यानं फोटो काढला. नाण्यावरचं माझं तोंड बघून सगळे म्हणतात, काय आनंद आहे चेहऱ्यावर! तो आनंद नाही. मी दात आवळले होते. विजया सुटेल या भीतीनं मी तिला इतकं करकचून धरलं होतं की नंतर ती बोटं चोळत म्हणाली, बाई गं, हात आहेत का पक्कड? करंगळीची पकड मी तिला दाखवलीच नाही. परत येताना जांभळ्या बांगड्या मीच घेतल्या आणि नूरीला नेऊन दिल्या. तिनं उजव्या हातात भरल्या. डाव्यात जात नव्हत्या.

म्हणजे फोटोत ती पाहिजे होती. नाण्यावर ती पाहिजे होती. तांदळाच्या दाण्याएवढं ते तोंड तिचं असायला पाहिजे होतं.

नूरीचं लग्न इथंच, शहागंजात झालं, बांगडीवाल्यांच्याच घरात. एवढी हाताची जाण असलेली पोरगी, पण भरताना डाव्या हातानं गिऱ्हाइकाचा पंजा दाबून धरायला लागतो, तो जोर तिच्यात राहिला नव्हता. सासूनं तिला रंग निवडायला आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायला बसवलं. तिनं त्यातही नाव काढलं. नवऱ्यामागं दुकान तिनंच चालवलं. मी वाळूजला आले तशी दर पंचमीला तिच्याकडं बांगड्या भरायला जाते. कुणी म्हणेल, मनाची टोचणी म्हणून. कसलं काय. ती मला बघून खुलते, माझ्यासाठी समोरच्या हॉटेलातून खारी मागवते, दुसरं कोण मागवतंय आता? माझा नवरा गेला त्या वर्षी मी गेले नाही, तर रिक्षा करून घरी आली. म्हणाली, नवरा गेला म्हणून हात रिकामे ठेवायचे व्हय गं? हिरव्या नको म्हणाले मी, तर पिशवीतून जांभळ्या काढल्या.

इथंच संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. वाकड्या मनगटासकट माणसं जगतात, तीही जगली, असं म्हणून मी गप्प राहिले असते. राहिलेच होते.

या पंचमीच्या आधी गेले. नाणं पर्समध्ये होतं, तिला दाखवायला नेलं होतं का लपवायला, मलाच माहीत नाही. दुकानात पाय ठेवला तर काचेच्या कपाटात, बांगड्यांच्या मधोमध, मखमलीची उघडी डबी. तिनं आधीच विकत घेतलं होतं. प्रत्येक बाईला दाखवत होती. ये मेरी सहेली है, देखो, सोयगाव की. बायका माझ्याकडं आणि नाण्याकडं बघायला लागल्या. नूरीनं मला शेजारी बसवून घेतलं आणि डबी हातात दिली. म्हणाली, तोंड राहू दे, हात बघ. करंगळी बघितलीस? विजयाला कुठं येत होतं हे? ही आपली पकड आहे नंदे. मी बघितलं आणि माझ्या डोळ्याला पाणीच आलं बघ.

तिनं ओळखलं होतं. सगळ्या शहरात ते हात तिनं एकटीनं ओळखले.

मग तिथल्या बायकांना ती गोष्ट सांगायला लागली. मी ती किती वेळा ऐकलीय. ती म्हणते, शहराला मी जाणार होते, पण पंचमीच्या दिवशी साबणाच्या हातानं खेळायला गेले, हिनं बिचारीनं घट्ट धरलं होतं, माझाच हात निसटला. हसत हसत सांगते. बायका च्‌च्‌ करतात. मी बांगड्यांच्या ढिगाकडं बघत बसते.

तिची सून रुखसार माझ्या हातात बांगड्या भरत होती. ती बाळंतपणानंतर नुकतीच दुकानात यायला लागली होती. बाळ मागं झोळीत. ते रडायला लागलं. रुखसारच्या हातांना साबण, माझा पंजा तिच्या मुठीत. ती म्हणाली, "अम्मी, जरा लेव ना इसकू."

नूरी उठली. झोळीपाशी गेली. ओढणीला हात पुसले. तळवे बघितले, परत पुसले. परत बघितले. बाळ रडतंय आणि ही तशीच उभी. मग मागं फिरून म्हणाली, "नक्को बाबा. मेरे हाताँ का भरोसा नै."

रुखसारला ते नवीन नव्हतं. ती हसून मला म्हणाली, अम्मीनं आजवर एकाही नातवाला उभ्यानं उचललं नाही. घेतलं तर खाली बसून, मांडीवर उशी ठेवून, आणि तेही दुसऱ्या कुणी हातात दिलं तर. माझ्या नवऱ्यालासुद्धा लहानपणी अम्मीच्या सासूनंच उचललं म्हणतात.

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं जाते, खारी खाते, आणि माहीत नव्हतं. मी मनगटाचाच हिशेब करत बसले होते. स्वतःचं मूल रडत असताना ती अशीच हात पुसत उभी राहिली असेल. प्रत्येक मुलाच्या वेळी. का? तर मी सांगितलं होतं, तिचा हात ओला होता.

नूरी माझ्याकडं वळली. "नंदे, तू घे गं त्याला. तुझा हात पक्का. त्या दिवशी बी तू शेवटपर्यंत धरलं होतंस."

आता बोलायचं होतं. बायका होत्या — असू देत. सून होती — असू दे. चार शब्दांचं काम. माझं तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. बाळ रडत होतं आणि नूरी माझ्याकडं बघत होती, फुगडीत बघायची तशी, सगळं दुकान हलत असताना एकटी स्थिर.

मी उठले आणि बाळ घेतलं.

ते लगेच गप्प झालं. खांद्यावर डोकं टाकून झोपलंसुद्धा. नूरी एवढी खूश झाली की तिनं त्याच्या पाठीवर बोट ठेवलं, एकच बोट, आणि सुनेला म्हणाली, बघ, मी सांगत नव्हते? मी ते बाळ हातात धरून किती तरी वेळ उभी होते. माझ्या हातात नव्या बांगड्या होत्या आणि त्या वाजू नयेत म्हणून मी हलत नव्हते.

नंतर बाळ झोळीत ठेवलं. नूरीनं खारी बांधून दिली. बसपर्यंत सोडायला आली, मनोऱ्यापाशी गर्दीत थांबलो. मी बसमध्ये चढताना तिनं आधाराला हात पुढं केला, मध्येच मागं घेतला. बस सुटेपर्यंत ती खाली उभी होती, ओढणीला हात पुसत.

तिचे हात कोरडे होते. तेव्हाही कोरडे होते.